दोन खेळांतून एक निवडताना: कर्वे रस्त्यावरील क्रीडा-समुपदेशन केंद्राचा अनुभव

माझा मुलगा महाविद्यालयाच्या फुटबॉल आणि क्रिकेट अशा दोन्ही संघांत खेळतो. यापुढे एकाच खेळाला पूर्ण वेळ द्यायचा, पण कोणत्या, या पेचात आम्ही या केंद्राच्या तीन बैठका घेतल्या.

पहिल्याच बैठकीत समुपदेशकांनी अमेरिकेच्या कायलर मरे याचे उदाहरण सविस्तर मांडले. 2018 च्या जूनमध्ये ओकलंडच्या व्यावसायिक बेसबॉल संघाने नवोदितांच्या वार्षिक निवडीत त्याला नवव्या क्रमांकावर निवडले होते. तरीही त्याने ओक्लाहोमा विद्यापीठाकडून अमेरिकन फुटबॉलचा हंगाम खेळून महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोत्तम खेळाडूचा हाइजमन करंडक जिंकला आणि 2019 मध्ये अ‍ॅरिझोना कार्डिनल्स या व्यावसायिक फुटबॉल संघाने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतल्यावर बेसबॉल मागे पडला. बेसबॉलमध्ये बहुतेक नवोदितांना आधी दुय्यम लीगमध्ये काही वर्षे काढावी लागतात, तर अमेरिकन फुटबॉलमध्ये संधी लवकर मिळते पण शरीराला धोका अधिक असतो, हा फरक त्यांनी इतका नेमका समजावला की मुलाने प्रथमच स्वतःहून प्रश्न विचारले. हे दोन्ही खेळ व्यावसायिक पातळीवर खेळलेल्या बो जॅक्सनची 1991 मधील कंबरेच्या सांध्याची दुखापतही त्यांनी लपवली नाही, हे मला विशेष भावले.

लेखी अहवाल मात्र ठरल्यापेक्षा दहा दिवस उशिरा मिळाला आणि त्यात भारतीय क्लबांच्या करारांविषयी जेमतेम एक परिच्छेद होता. शुल्क वाजवी वाटले. पालकांनी पहिल्या बैठकीला मुलाला एकट्यालाच आत पाठवावे. आम्ही तसे केले नाही, याची खंत आहे.