लिव्होथायरॉक्सिन, दहा महिन्यांच्या वापरानंतर: गोळी चांगली, घोळ भोवतालचा

थायरॉइड कमी पडणाऱ्यांची ही रोजची गोळी. तिला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो ताकदीच्या छपाईसाठी, त्याबद्दल पुढे येईलच. आधी एका कंपनीची ५० मायक्रोग्रॅमची गोळी आणि नंतर त्याच ताकदीची जनऔषधीतली, असा दहा महिन्यांचा वापर धरून हे लिहिलं आहे. घर विदर्भातल्या खेड्यात, रक्त द्यायला तालुक्याला जावं लागतं, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास. अशा ठिकाणी ही गोळी कशी चालते, एवढाच विषय.

पहिल्यांदा शब्दांचा गुंता. आपल्याकडे 'थायरॉइड वाढला' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा रक्तातला टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारा संप्रेरक, वाढलेला असतो. म्हणजे गळ्यातली ग्रंथी कमी पडतेय आणि मेंदूखालची पिट्युटरी तिला जोरजोरात हाका मारतेय. हाका जास्त, म्हणजे काम कमी. गोळीने कमतरता भरून निघाली की हाका थांबतात आणि टीएसएच साधारण ०.४ ते ४ च्या आत येतो. मग रिपोर्ट हातात धरून 'नॉर्मल आला, आता गोळी कशाला' हे सुरू होतं. विहीर आटली म्हणून टँकर लावला, टाकी भरली, आणि टाकी भरलेली दिसतेय म्हणून टँकर बंद केला, अशातला हा प्रकार.

बंद केल्यावर फसगत होते ती गोळीच्या संथपणामुळे. लिव्होथायरॉक्सिन रक्तातून निम्मं व्हायला सुमारे ७ दिवस लागतात. दोन आठवड्यांनी पाव उरतं, पाच आठवड्यांनी नावापुरतं. त्यामुळे पहिले आठ-दहा दिवस काहीच जाणवत नाही आणि 'बघा, गोळीशिवाय चालतंय' असं वाटतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून अंग जड होतं, शौचाला घट्ट होते, सकाळी डोळ्यांखाली सूज दिसते, आवाज बसतो, पाळीला जास्त जातं. थंडी सोसत नाही हे या आजाराचं मोठं लक्षण, पण उन्हाळ्यात बंद केली तर आपल्याकडे ते लपून राहतं. थकवा उन्हावर ढकलला जातो, टाचांच्या भेगा वावरातल्या कामावर. डिसेंबरात बंद करणाऱ्याला मात्र लवकर कळतं.

गोळी कधीच बंद होत नाही असंही नाही. बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत थायरॉइड बिघडतो तो पुष्कळदा वर्षभरात सावरतो. टीएसएच १० च्या खाली होता, टी-४ (रक्तातलं थायरॉक्सिन) नॉर्मल होता आणि सावधगिरी म्हणून २५ सुरू केली होती, अशांचीही डॉक्टर थांबवून बघतात. पण रक्तात टीपीओ अँटिबॉडी (स्वतःच्याच ग्रंथीविरुद्ध शरीराने तयार केलेल्या) भरपूर आहेत, ऑपरेशनने ग्रंथी काढली आहे किंवा आयोडीनचा किरणोत्सारी डोस झाला आहे, तिथे थांबवून बघण्यासारखं काही नसतं. ज्यांची थांबवायची त्यांचीही पद्धत ठरलेली आहे: डॉक्टरांना विचारून थांबवायची, ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच करायचा, तीन-चार महिन्यांनी पुन्हा एकदा. तपासणी न करता थांबवणं म्हणजे नुसतं सोडून देणं.

आता रोजच्या वापराचं. उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत, आणि नंतर अर्धा ते एक तास काही नाही. कागदावर सोपं आहे. निंदणाच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत पहाटे उठून डबा बांधून सातला घर सोडायचं असतं, आणि उठल्या उठल्या चहा हवाच. रात्री झोपताना घ्यायची तर शेवटच्या जेवणानंतर तीन तास जायला हवेत. गावात आठला जेवून साडेनऊला पाठ टेकते, म्हणून तोही मार्ग बहुतेकांना बंद. जमतं ते असं: एका दिवसाची गोळी छोट्या कोरड्या डबीत, उशाशी, पाण्याच्या तांब्याजवळ. पहाटे पहिली जाग येईल तेव्हा, अंथरुणातच. मग झाडझूड, पाणी भरणं, आंघोळ होईपर्यंत तास आपोआप निघून जातो. डबीला हात लावताना बोटं कोरडी हवीत, कारण गोळी इतकी लहान आणि भुसभुशीत असते की ओल्या बोटाला निम्मी चिकटून राहते.

अर्ध्या तासाऐवजी वीसच मिनिटं मिळत असतील तर रोज वीसच ठेवा. एकसारखी चूक डोस ठरवताना डॉक्टर सांभाळून घेऊ शकतात. एक दिवस तास, दुसऱ्या दिवशी चहासोबत, तिसऱ्या दिवशी जेवणानंतर असं केलं तर कोणताच डोस बसत नाही.

उपासाच्या दिवशी गोळी टाळणारे बरेच. श्रावण, नवरात्र, एकादशी धरून महिन्याला चार-पाच गोळ्या बुडाल्या की आठवड्याला एक कमी झाली. घोटभर पाण्याने उपास मोडतो का हे ज्याचं त्याने ठरवावं, पण बुडवलेली गोळी टीएसएचमध्ये दिसते. रोजे असतील तर सहरीच्या, म्हणजे पहाटेच्या जेवणाच्या, अर्धा तास आधी घेता येते. एखादा दिवस विसरलाच तर घाबरण्यासारखं काही नाही, त्याच दिवशी पोट रिकामं असताना घ्या. दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेणं तरण्या, हृदय ठीक असलेल्या माणसाला बहुधा चालतं. वयस्कर किंवा हृदयरोगी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

गोळीचे शत्रू घरातच असतात. आशाताई गरोदर बाईला लोहाची लाल गोळी आणि कॅल्शियम देतात. दोन्ही आवश्यक, पण दोन्ही पोटात थायरॉक्सिनला पकडून ठेवतात आणि ते आतड्यातून तसंच बाहेर जातं. मध्ये चार तास हवेत. पहाटे थायरॉइडची, लोहाची दुपारी जेवणानंतर, कॅल्शियम संध्याकाळी असा क्रम बसतो. सिकलसेलवाल्यांना नुसतं फॉलिक ॲसिड चालू असतं, त्याची अशी अडचण नाही. गॅसवरचं पातळ औषधही चार तास लांब. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोलसारख्या गोळ्या महिनोन् महिने चालू असतील तर त्यांनीही शोषण कमी होतं, ते डॉक्टरांना सांगा. टीबीच्या उपचारातलं रिफाम्पिसिन आणि फिटांवरची फिनिटोईन, कार्बामॅझेपिन यांनी थायरॉक्सिनची गरज वाढू शकते.

आणि सोयाबीन. निम्म्या विदर्भाच्या वावरात सोयाबीन, म्हणून गव्हात किलोमागे मूठ-दोन मूठ टाकून चक्कीवरून दळून आणायची पद्धत सुरू झाली. सोयाबीनने शोषण कमी होतं. खायचंच नाही असं नाही, पण नाश्त्याला नको, आणि सुरू केलं किंवा सोडलं तर टीएसएचची पुढची तारीख थोडी आधी घ्या. पत्ताकोबी-फुलकोबीला मात्र उगाच बदनाम करून ठेवलंय. शिजवलेली भाजी नेहमीच्या प्रमाणात खाल्ल्याने गोळीचं काही बिघडत नाही.

कंपनी बदलण्याचं. नाव वेगळं, ताकद तीच, तरी शरीरात जाणारं औषध थोडं कमी-जास्त होऊ शकतं. टी-४ जरासा हलला की टीएसएच त्याच्या कितीतरी पट हलतो, म्हणून हा लहानसा फरकही रिपोर्टात दिसू शकतो. जनऔषधीतली गोळी स्वस्त आहे म्हणून कमी प्रतीची, असा अनुभव नाही. बदलल्यानंतर साडेसहा आठवड्यांनी केलेला टीएसएच आधीच्याच जागी होता. त्रास होतो तो येरझाऱ्यांनी: या महिन्यात सरकारी दवाखान्यातली, पुढच्या महिन्यात तिथे संपली म्हणून मेडिकलमधली, त्याच्या पुढे तिसरीच. एक निवडा आणि त्यावर राहा. बदलावीच लागली तर बदलल्याची तारीख बाटलीवर पेनने लिहा आणि ६ ते ८ आठवड्यांनी तपासा. आधी तपासलं तर जुन्या गोळीचं उरलेलंच मोजलं जातं, पैसे वाया.

बदलताना मेडिकलच्या काउंटरवरच ताकद वाचा. १२.५ आणि १२५ मध्ये फक्त एक टिंब आहे आणि फरक दहापट. कापलेला अर्धा गुण यासाठीच. बाटलीवर कंपनीचं नाव ठळक आणि आकडा बारीक का छापतात कोण जाणे. २५ आणि १२५, ११२ आणि १२.५ यांचीही अदलाबदल होते. आधीची बाटली सोबत न्या, आकडा दाखवून घ्या. चिठ्ठीवर 'एमसीजी' असतं ते मायक्रोग्रॅम. ही गोळी मिलिग्रॅमच्या हिशोबात बसतच नाही, ५० मायक्रोग्रॅम म्हणजे ०.०५ मिलिग्रॅम.

काहींना एक दिवस ५० आणि एक दिवस ७५ असं सांगतात. ते तारखेच्या सम-विषमवर लावू नका, कारण ३१ नंतर १ येते आणि दोन्ही विषम. वारावर लावा: सोम, बुध, शुक्र ७५, बाकी चार दिवस ५०. आठवड्याचे ४२५, म्हणजे दिवसाला साधारण ६१.

त्रास कोणते झाले, कोणते होतात? पहिले दोन-तीन आठवडे काहीच फरक नाही. मग शौच सुधारतं, दुपारची गुंगी उतरते. केस गळणं पहिल्या दोन-तीन महिन्यांत उलट वाढू शकतं, आणि इथेच एक साखळी सुरू होते. केस गळतात म्हणून मेडिकलवाला बायोटिन या जीवनसत्त्वाची गोळी देतो. बायोटिन जास्त मात्रेत असेल तर बऱ्याच लॅबच्या यंत्रांना फसवतं, टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटा जास्त दाखवतं. मग गोळी जास्त होतेय म्हणून डोस उतरतो, आणि खरा थायरॉइड खाली जाऊन केस आणखी गळतात. रक्त द्यायच्या दोन-तीन दिवस आधी बायोटिन बंद, आणि लॅबवाल्याला व डॉक्टरांना तसं सांगायचं.

रक्त सकाळी, दर वेळी एकाच लॅबमध्ये, आणि त्या दिवसाची थायरॉइडची गोळी रक्त दिल्यानंतर. डेंगू, टायफॉइड किंवा कोणत्याही मोठ्या तापात थायरॉइड तपासू नये, आकडा भलताच येतो. बरं झाल्यावर काही आठवडे जाऊ द्या.

डोस जास्त होतोय हे ओळखणं उन्हाळ्यात अवघड, कारण घाम, धडधड, झोप उडणं हे सगळं मे महिन्यातही होतं. पहाटे अंथरुणातून उठायच्या आधी मनगटावर पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. त्या वेळी ऊन नसतं, मेहनत नसते. तीन-चार दिवस सलग ९०-१०० च्या घरात असेल, किंवा पसरलेल्या बोटांवर ठेवलेला कागद थरथरत असेल, तर टीएसएच करून डॉक्टरांकडे. नाडी मध्येच चुकत असेल किंवा छातीत दुखत असेल तर टीएसएचची वाट न पाहता त्याच दिवशी. डोस उतरवला तरी धडधड दुसऱ्या दिवशी थांबत नाही, पुन्हा तोच सात दिवसांचा हिशोब. जास्त डोस वर्षानुवर्षं राहिला तर हाडं ठिसूळ होतात, विशेषतः पाळी गेलेल्या बायकांची.

वजनाबद्दल फार आशा ठेवू नका. उतरतं ते थोडं, आणि त्यातही बरंचसं अंगात साठलेलं पाणी. ते उतरवायला म्हणून स्वतःच गोळी वाढवणारे धडधडीची तक्रार घेऊन परत येतात.

साठवण. गोळीला उष्णता, ओल, उजेड तिन्ही चालत नाही. लेबलवर किती अंशांच्या खाली ठेवायची ते लिहिलेलं असतं आणि टिनाच्या घरात मे महिन्यात दुपारी ते पाळणं अशक्य. त्यातल्या त्यात मातीच्या भिंतीची आतली खोली, जमिनीलगतचा कोनाडा, धान्याच्या कोठीमागे. टिनाजवळच्या फळीवर, टीव्हीवर, मोटरसायकलच्या डिकीत नाही. कूलर असलेली खोली थंड असते, पण हवा दमट, आणि झाकण सैल राहिलं तर गोळ्या मऊ पडून कडा झडतात. मूळ बाटलीतच ठेवा, आतली ओल शोषणारी पुडी फेकू नका, आठवड्याच्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधू नका. १०० गोळ्यांची बाटली तीन महिन्यांवर चालते, म्हणून मार्चमध्ये नवी बाटली न घेता मिळत असेल तर उन्हाळ्यापुरती महिन्याची पट्टी घ्यावी.

एक धोका शेजारपाजारचा. 'थायरॉइडची गोळी' दोन उलट आजारांची असते. ज्यांची ग्रंथी जास्त चालते त्यांना कार्बिमाझोल देतात, ती ग्रंथी दाबते. संपली म्हणून वहिनीकडून दोन गोळ्या आणल्या, असं करू नका. आणि कार्बिमाझोलवाल्यांना ताप व घसादुखी झाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशींची तपासणी. इथे थांबवणंच बरोबर.

गरोदरपणात थायरॉक्सिन बंद करणं सगळ्यात वाईट. उलट गरज २५ ते ३० टक्क्यांनी वाढते, आणि तेही पहिल्याच महिन्यांत. पाळी चुकली की लगेच डॉक्टरांना कळवा. बरेच जण आठवड्याला दोन गोळ्या जास्त घ्यायला सांगतात, म्हणजे सातच्या नऊ. बाळंतपणानंतर डोस पूर्वीवर येतो आणि सहा आठवड्यांनी तपासणी. अंगावर पाजताना गोळी चालते.

महिना-दोन महिने सुटलीच असेल तर राहिलेल्या गोळ्या भरून काढायच्या नसतात. तरण्या, हृदय ठीक असलेल्या माणसाला डॉक्टर बहुतेक वेळा जुन्याच डोसवर सुरू करतात. साठीच्या पुढे किंवा हृदयाचा त्रास असेल तर १२.५ किंवा २५ पासून पुन्हा चढत जावं लागतं. आणि सुटलेल्या माणसाला अंग गार पडणं, बोलताना भान हरपणं, झोपेतून नीट न उठणं असं दिसलं तर ती गोळी सुरू करण्याची वेळ नव्हे, १०८ ला फोन करण्याची वेळ आहे.