‘तीन महिन्यांत चष्मा सुटेल’ म्हणाले आणि आम्ही भुललो

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, डिचोलीत राहणारी साधी बाई आहे आणि यातलं जे काही मला कळतं ते ठेच खाल्ल्यावर कळलेलं आहे. मुलीच्या डोळ्यासाठी आम्ही ३२ हजार रुपये एका माणसाच्या हातात नेऊन दिले, वर पाच महिने घालवले. पैशांचं मी कधीतरी विसरेन, त्या पाच महिन्यांचं मात्र अजून पोटात कालवतं.

मुलगी तेव्हा सहा वर्षांची, पहिलीत. शाळेत डोळे तपासायला आले होते तेव्हा कळलं की डाव्या डोळ्याने तिला जवळजवळ काहीच वाचता येत नाही. आमच्या लक्षातच आलं नव्हतं कारण उजवा डोळा एकदम स्वच्छ, त्यामुळे पोर धावायची, चित्रं काढायची, कुठे अडखळायची नाही. डोळा तिरळा वगैरे काही नाही. मोठ्या डॉक्टरांकडे नेलं, थेंब घालून बाहुल्या मोठ्या करून नंबर काढला, तर उजवा प्लस एक आणि डावा प्लस साडेपाच. डाव्याने ६/३६, म्हणजे चांगल्या डोळ्याला जे ३६ मीटरवरून दिसतं ते हिला ६ मीटरवर जाऊन दिसतं. आळशी डोळा म्हणाले. तरी डोळा बिचारा आळशी नसतोच, दोन डोळ्यांच्या नंबरात एवढा फरक असला की एका डोळ्याकडून मेंदूला कायम धुरकट चित्र जातं आणि मेंदू ते घ्यायचंच सोडून देतो.

उपाय काय, तर दिवसभर चष्मा. बस एवढंच. सहा-सात आठवड्यांनी परत नेलं तर नुसत्या चष्म्यावर ती ६/३६ वरून ६/२४ ला आली होती. मग म्हणाले आता रोज दोन तास उजव्या डोळ्यावर पट्टी, म्हणजे डाव्याला काम करावंच लागेल.

आणि तिथे आमची गाडी अडली. ऐन एप्रिल, गोव्यातला घाम, चिकटपट्टी काढताना भुवईचे केस उपटून यायचे, पोर रडून गोंधळ घालायची. सासूबाई रोज सुरू, “इतल्याशा चेडवाक चष्मो आनी वयर पट्टी!” शेजारची मुलं एकडोळी म्हणून चिडवायची. नवरा म्हणाला दुसरं काही आहे का बघूया. नेमकं त्याच आठवड्यात मोठ्या जाऊबाईंनी मोबाईलवर जाहिरात पाठवली, म्हापशात सेंटर आहे, मशीनवर व्यायाम, ना चष्मा ना पट्टी ना ऑपरेशन.

शुक्रवारच्या बाजाराच्या दिवशी गेलो. दुसरा मजला, एसी, भिंतीवर हसऱ्या मुलांचे फोटो. पांढरा कोट घातलेला माणूस, त्याला सगळे सर म्हणायचे, डॉक्टर कोणी म्हणत नव्हतं, हे मला घरी आल्यावर सुचलं. बोलणं इतकं गोड! आणि खरं सांगू, तो धडधडीत खोटं बोलला असता तर आम्ही उठून आलो असतो. त्याच्या प्रत्येक वाक्यात अर्धं खरं होतं. म्हणाला पट्टीने चांगला डोळा बिघडतो. आता हे खरंच होऊ शकतं, जास्त वेळ पट्टी लावली आणि तपासणीला गेलोच नाही तर उजव्याचीही नजर उतरू शकते, म्हणूनच तर डॉक्टर ठरावीक आठवड्यांनी बोलावतात. रोज दोन तासांना तो धोका फार कमी, हा उरलेला अर्धा भाग त्याने गिळला. म्हणाला चष्म्याने डोळ्याला सवय लागते, नंबर वाढत जातो. हे मात्र पूर्णच चूक. प्लस नंबर म्हणजे बहुतेक वेळा डोळ्याचा गोळाच थोडा आखूड असतो, तो डोळे गरागरा फिरवून लांब कसा होणार? पण हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही हो.

मग शेवटचा बाण, “ताई, सात वर्षांनंतर जगातला कुठलाच डॉक्टर काही करू शकत नाही, ऑक्टोबरात मुलीला सात पूर्ण होतायत, तुम्हीच बघा.” लहान वयात उपचार लवकर लागू होतात हे खरंच आहे. पण सात म्हणजे काही दार बंद होत नाही. हे मला नंतर सरकारी हॉस्पिटलातल्या डॉक्टर बाईंनी सांगितलं. अमेरिकेत ७ ते १७ वयाच्या ५०७ मुलांवर अभ्यास झाला होता, २००५ साली छापून आला, त्यात ७ ते १२ वयाच्या ज्या मुलांना चष्म्यासोबत पट्टी आणि अ‍ॅट्रोपिनचे (चांगल्या डोळ्याची नजर तात्पुरती धूसर करणारे) थेंब दिले त्यांच्यातल्या साधारण निम्म्यांची नजर तक्त्यावर दोन ओळी तरी सुधारली. आम्ही मात्र त्या सातच्या आकड्याला घाबरून २० हजार तिथेच भरले, उरलेले १२ पुढच्या महिन्यात. चाळीस सिटिंग्ज. बिल मागितलं तर पिवळं कार्ड दिलं, त्यावर फक्त तारखा आणि टिकमार्क.

चष्मा पहिल्याच दिवशी काढून ठेवायला लावला. आठवड्यातून दोनदा अस्नोड्यावरून बस धरून जायचो. आत काय, तर लुकलुकणारे दिवे बघायचे, लाल-हिरवा गॉगल घालून कॉम्प्युटरवर गेम खेळायचा, तळवे चोळून डोळ्यांवर ठेवायचे. वर एक थेंबांची बाटली, लेबल नाही काही नाही, आयुर्वेदिक आहे म्हणे. ती घातली की पोर किंचाळायची म्हणून मी तीन दिवसांत बंद केली, तेवढं एक शहाणपण. खरं तर लाल-हिरव्या गॉगलचे आणि दोन्ही डोळ्यांनी खेळायचे उपचार डॉक्टर लोकही काही मुलांना देतात, परदेशात त्यातल्या एका-दोघांना मान्यताही आहे, पण ते नंबर नीट काढून, चष्मा घालूनच. चष्मा फेकून नाही.

आणि दर दहा सिटिंगला तपासणी व्हायची, तिथे खरी जादू. पहिल्या दिवशी त्याने चष्म्याशिवाय, मंद उजेडात वाचायला लावलं होतं आणि कार्डावर ६/६० लिहिलं होतं. नंतर दर वेळी लखलखीत दिवा, तोच तक्ता, तीच जागा, आणि उजवा डोळा पोरीने आपल्याच हाताने झाकायचा, बोटांत फटी ठेवून. ६/६०, मग ६/३६, मग ६/१८, मग ६/१२. आम्ही पेढे वाटले. खरंच वाटले, खोटं नाही सांगत.

चवथीला सगळे घरी जमलेले, गणपतीच्या डोक्यावर फळांची माटोळी बांधून झालेली, आणि रात्री लाईट गेली. पूर्ण काळोख. समई तेवढी गणपतीपुढे. मुलं एकेक करून पाढे, आरत्या, कविता म्हणत होती, तर आमच्या बाईसाहेब उठल्या आणि टाळ्या वाजवत सुरू, “ई! एफ पी! टी ओ झेड! एल पी ई डी! पी ई सी एफ डी!” सगळे हसले. मला आधी कळलंच नाही. मग एकदम अंगावर काटा आला. मी विचारलं हे काय गं, तर म्हणते, “सरांकडचा बोर्ड. मला सगळा येतो, डोळे मिटून पण येतो.” तिला वाटत होतं ती पाठांतराचीच परीक्षा आहे. सेंटरमधल्या मॅडम शाबास म्हणून चॉकलेट द्यायच्या ना.

त्या रात्री मी झोपले नाही.

विसर्जन झाल्यावर थेट बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात नेलं. तिथे डॉक्टर बाईंनी उजवा डोळा चिकटपट्टीने पूर्ण बंद केला आणि वेगळाच तक्ता लावला, तोंडं वेगवेगळ्या बाजूला असलेल्या ई चा, बोट करून दिशा दाखवायची. पोर नुसती अंदाजाने बोट फिरवत राहिली. ६/३६. जानेवारीत जिथे होतो तिथेच परत. बाई ओरडल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. मी विचारलं आता काय, म्हणाल्या चष्मा उद्यापासून नाही, आत्तापासून.

त्या माणसाकडे पैसे मागायला गेलो तर म्हणाला तुम्ही सहा सिटिंग्ज चुकवल्यात आणि थेंब मध्येच बंद केलेत, मग गुण कसा येईल, वर आणखी वीस सिटिंग्ज अर्ध्या किमतीत देतो! नवऱ्याला हाताला धरून बाहेर आणावं लागलं.

१९१५ या ग्राहक हेल्पलाईनला फोन केला, तक्रार नोंदवून घेतली. आता पर्वरीला जिल्हा ग्राहक आयोगात जायचंय, पाच लाखांच्या आतल्या व्यवहाराला तिथे तक्रारीची फी नाही. जिथे अडतंय ते म्हणजे पक्कं बिल. आमच्याकडे ते पिवळं कार्ड, बँकेतून गेलेले १२ हजार दिसतायत तेवढे आणि बिनलेबलची बाटली. पहिले २० हजार रोख दिले होते.

पोरीचं म्हणाल तर पहिले काही आठवडे नुसता चष्मा, मग परत पट्टी, रोज संध्याकाळी दोन तास, पट्टी लावून ती रंगवत बसते. पट्टी चष्म्याच्या काचेवर चिकटवायची नाही, त्वचेवरच, नाहीतर ही वरून डोकावते. भुवईला पट्टी लावायच्या आधी जरा पावडर फासते, केस कमी उपटतात, ही माझी युक्ती. घड्याळ सासूबाई बघतात, पाच मिनिटं आधी काढू देत नाहीत. आठ महिन्यांत ६/१२ झालंय, या वेळी खरं, चष्मा घालून आणि दर वेळी वेगळ्या तक्त्यावर. पट्टी एकदम थांबवायची नाही, हळूहळू कमी करायची आणि नंतरही तपासत राहायचं, कारण काही मुलांत नजर परत उतरते, असं सांगितलंय. पुढची तारीख मंगळवारी आहे.

आणि म्हापशात तसलं पिवळं कार्ड ज्यांच्याकडे असेल त्यांनी ते फाडू नका, कोणाला पक्कं बिल मिळालं असेल तर तेही जपून ठेवा, आयोगात मला लागणार आहे.