तळापासून पाहिलेली गोदावरी: नाशिक-त्र्यंबकच्या अभ्यासफेरीविषयी

नाशिकच्या गोदाघाटावर माहितगाराबरोबर फिरवून आणणाऱ्या सेवा आता बऱ्याच झाल्या आहेत आणि त्यांतील बहुतेक जण दोन-तीन तासांत पाच-सात मंदिरे दाखवून, प्रत्येक ठिकाणी एक आख्यायिका सांगून मोकळे होतात. गेल्या माघात मी आईला घेऊन ज्या दोन दिवसांच्या अभ्यासफेरीला गेले, ती एका लहानशा स्थानिक गटाची होती. माणशी 1,800 रुपये, त्यात त्र्यंबकला जाण्या-येण्याची बस, दोन्ही दिवसांची न्याहारी आणि एका दिवसाचे जेवण, असा तिचा बेत होता. आम्ही एकूण चौदा जण होतो. पहिल्या दिवशी एका वास्तुविशारद बाई आमच्याबरोबर होत्या, तर दुसऱ्या दिवशी वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक सर होते. आईचे वय 74 आणि तिचे माहेर पंचवटीतले, त्यामुळे आपल्याला कोणी गोदाघाट दाखवावा ही कल्पनाच तिला प्रथम रुचली नव्हती.

सकाळी साडेसहाला आम्ही रामकुंडाच्या पायऱ्यांवर जमलो, तेव्हा थंडी चांगलीच होती. बाईंनी आधी सगळ्यांना नदीच्या प्रवाहाकडे तोंड करून उभे केले आणि त्र्यंबकहून पूर्वेकडे येणारी गोदावरी याच ठिकाणी दक्षिणेकडे कशी वळते, हे हाताने दाखवले. या दक्षिणवाहिनी वळणामुळे आणि अरुणेच्या संगमामुळे या जागेला तीर्थाचे महत्त्व आले. 1696 साली चित्रराव खटारकरांनी हे कुंड बांधले आणि 1782 मध्ये माधवराव पेशव्यांच्या मातोश्री गोपिकाबाई यांनी त्याची डागडुजी केली, एवढा इतिहास सांगून बाईंनी पिशवीतून एक झेरॉक्स काढली. ते 1883 च्या नाशिक जिल्हा गॅझेटियरमधील एक पान होते आणि त्यावर नदीपात्रातील कुंडांची नावे ओळीने होती: लक्ष्मणकुंड, धनुषकुंड, सीताकुंड, अहिल्याकुंड, शार्ङ्गपाणीकुंड, पेशव्यांचे कुंड, खंडोबाचे कुंड, ओकांचे कुंड, वैशंपायनांचे कुंड, मुक्तेश्वराचे कुंड. ‘आता यातली किती दिसतात, ते आपण शोधायचे,’ असे त्या म्हणाल्या आणि खरोखरच पुढचे दोन तास आम्ही तेच केले.

या सेवेचे खरे मोल मला येथे जाणवले. नाशिकमध्ये वारसा म्हटला की आपली नजर आपोआप कळसाकडे जाते, परंतु या नदीचा सर्वांत जुना आणि सर्वांत दुर्लक्षित वारसा तिच्या तळाशी आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणात भेगांमधून आणि लाव्हाच्या दोन थरांमधल्या झिजलेल्या पट्ट्यांतून भूजल फिरत असते आणि नदीने पात्र कोरले की ते झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. आपल्या पूर्वजांनी अशा जागा हेरल्या, तेथे चौकोनी बांधणी केली, उतरायला पायऱ्या दिल्या आणि प्रत्येक कुंडाला नाव दिले. नदी उन्हाळ्यात रोडावली तरी कुंडात पाणी राहत असे, कारण ते नुसते नदीचे पाणी नव्हते. 2003 च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तयारीत भाविकांना उभे राहायला सपाट जागा मिळावी म्हणून या पात्रात काँक्रीट ओतले गेले आणि त्याखाली अनेक कुंडे त्यांच्या झऱ्यांसकट गडप झाली. गर्दीच्या सुरक्षिततेची काळजी खरी होती, हे बाईंनी प्रामाणिकपणे सांगितले. पण त्या सोयीची किंमत काय पडली, हे 2016 च्या एप्रिलमध्ये सगळ्या नाशिकने पाहिले. त्या दुष्काळात धरणातून विसर्ग होईना आणि रामकुंड कोरडे पडले. ऐन गुढीपाडव्याच्या सुमारास कुंडात टँकरने पाणी ओतावे लागले. त्याच वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला एवढा पूर आला की काठावरची मंदिरे पाण्यात गेली. झरे बुजले म्हणून उन्हाळ्यात पाणी नाही आणि पावसाळ्यात पाणी जिरायला जागा नाही, या दोन गोष्टी एकाच काँक्रीटशी कशा जोडता येतात, हे मला इतक्या सोप्या रीतीने यापूर्वी कोणी समजावले नव्हते. अर्थात पुराला वरच्या भागातील अतिवृष्टी हेच मुख्य कारण होते, हेही त्यांनी लगेच जोडून सांगितले आणि म्हणूनच त्यांच्या बाकीच्या बोलण्यावर माझा विश्वास बसला.

गोदावरीच्या प्रदूषणाचा प्रश्न 2012 मध्ये जनहित याचिकेच्या रूपाने मुंबई उच्च न्यायालयात गेला. कुंडे मोकळी करण्यासाठीही नाशिकमधील गोदाप्रेमींनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि 2020 नंतर पात्राच्या काही भागांतील काँक्रीट फोडून काढण्यात आले. अशा एका मोकळ्या झालेल्या जागी बाईंनी आम्हाला थांबवले. पाणी जेमतेम पोटरीभर होते. दोन घडीव दगडांच्या सांध्यातून बारीक बुडबुडे वर येत होते आणि ते पाहून कोणीतरी लगेच हात जोडले. बाई म्हणाल्या, ‘बुडबुडे गाळातल्या वायूचेही असू शकतात, त्यांच्यावर जाऊ नका. हात घालून बघा.’ मी हात घातला. भोवतीचे पाणी बोटे बधिर करणारे होते, पण त्या सांध्यापाशी ते कोमट लागले. हिवाळ्याच्या पहाटे जमिनीखालचे पाणी नदीपेक्षा उबदार असते, आणि एवढा एक स्पर्श हाच झऱ्याचा पुरावा होता. दगडाच्या कडेला अजून काँक्रीटची करड्या रंगाची कपची चिकटलेली होती आणि तिच्यावर छिन्नीचे ओरखडे ताजे असावेत तसे स्पष्ट दिसत होते.

आई तोवर गप्प होती. एका ठिकाणी बाईंनी नकाशावर बोट ठेवून कुंडाच्या पायऱ्या पूर्वेकडून असाव्यात, असे म्हटले तेव्हा मात्र ती म्हणाली, ‘नाही ग बाई, त्या या अंगाला होत्या. पाच पायऱ्या, आणि खालची निसरडी. माझी धाकटी बहीण तिथेच पडली होती.’ बाईंनी वही काढली, ‘काकू, परत सांगा,’ असे म्हणून पायऱ्यांची संख्या, दिशा, साधारण साल हे सगळे टिपून घेतले आणि जुन्या छायाचित्राशी ताडून पाहण्याचे कबूल केले. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. छायाचित्रात पायऱ्या आईने सांगितलेल्या बाजूलाच होत्या. पैसे घेऊन माहिती देणारे पुष्कळ भेटतात, पण आपल्याकडची माहिती येणाऱ्याच्या आठवणीने दुरुस्त करून घेणारी सेवा मी पहिल्यांदाच पाहिली.

मंदिरांचा भाग तुलनेने लवकर आटोपला, आणि ते मला योग्यच वाटले. दुतोंड्या मारुतीपाशी पुराच्या पातळीची जुनी मोजपट्टी समजली: मारुतीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी, आणि नारोशंकराच्या घंटेला पाणी लागले म्हणजे महापूर. ही घंटा 1739 च्या वसईच्या विजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा आहे. नारोशंकरांच्या, 1747 मध्ये बांधलेल्या रामेश्वर मंदिराच्या प्रवेशद्वारावर ती आजही टांगलेली आहे. 1756 साली गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी बांधलेल्या सुंदरनारायण मंदिरापाशी मात्र आम्ही अर्धा तास होतो, कारण दगडी मंदिराचे संवर्धन म्हणजे नेमके काय, याचा धडा तेथे दिला गेला. झिजलेला दगड काढून त्याच जातीचा दगड पाथरवटाकडून घडवून बसवणे, सांध्यात सिमेंटऐवजी दगडी घाण्यात मळलेला चुना भरणे, त्या चुन्यात गूळ, बेलफळाचा गर, उडीद असे पदार्थ का घालतात, आणि सिमेंट ओल आत कोंडून ठेवते तर चुना ती बाहेर कशी सोडतो, हे त्यांनी चुन्याचा एक सुकलेला गोळा प्रत्येकाच्या हातात देऊन सांगितले. गोळा हलका होता आणि नखाने किंचित उकरला जात होता. जवळच्याच एका लहान देवळाच्या भिंतीला श्रद्धेने लावलेला ऑइल पेंट पापुद्र्यांनी सुटत होता आणि त्याबरोबर दगडाचा वरचा थरही निघत होता. काळारामाला आम्ही शेवटी गेलो. सरदार ओढेकरांनी बांधलेल्या या मंदिराविषयी बोलताना 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली येथे सुरू झालेल्या मंदिरप्रवेश सत्याग्रहाची माहिती बाईंनी दाराशी उभे राहून, घाई न करता दिली. अनेक फेऱ्यांमध्ये हा भाग गाळला जातो, तो येथे गाळला गेला नाही, याची मी मुद्दाम नोंद करते.

उणिवाही सांगायला हव्यात. सहा वाजता घर सोडलेल्या ज्येष्ठांसाठी दहा वाजेपर्यंत स्वच्छतागृहाची कोणतीही सोय नव्हती आणि याची कल्पना आधी दिली गेली नव्हती. बाईंचा आवाज लहान आहे. घाटावर भोंगे सुरू झाल्यावर मागच्या चार-पाच जणांना काहीच ऐकू येत नव्हते, त्यामुळे गट दहाचा असावा किंवा गळ्यात अडकवायचा लहान ध्वनिवर्धक तरी त्यांनी घ्यावा. तपोवनातील कपिला-गोदावरी संगमाला जेमतेम वीस मिनिटे मिळाली. कुंभमेळ्यात साधूंच्या मुक्कामासाठी उभारायच्या साधुग्रामासाठी तेथील झाडे तोडण्याच्या प्रस्तावाला 2025 च्या अखेरीस नाशिककरांनी एवढा विरोध केला असताना, त्या झाडांखाली निवांत बसून बोलण्यासाठी वेळ राखून ठेवायलाच हवा होता.

दुसरा दिवस त्र्यंबकचा. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी गंगाद्वाराशी दिसते, पुन्हा लुप्त होते आणि गावातील कुशावर्त कुंडात प्रकट होते, अशी परंपरा आपण लहानपणापासून ऐकतो. सरांनी त्याच वाटेने आम्हाला उलटे, म्हणजे खालून वर नेले. नानासाहेब पेशव्यांनी 1755 मध्ये सुरू केलेल्या आणि 1786 मध्ये पूर्ण झालेल्या त्र्यंबकेश्वर मंदिराचे बाहेरून दर्शन घेऊन आम्ही गावातून निघालो. नदी गावातून काही अंतर स्लॅबखालून जाते. ज्या नदीसाठी देशभरातून लोक येतात, ती पायाखाली आहे हे कळायला सरांना रस्त्याच्या मधोमध थांबून सांगावे लागले. आदल्या दिवशी कुंडे पाहिली होती म्हणून असेल, पण तेथे आमच्यापैकी कोणी काही बोलले नाही.

ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी गटाने स्थानिक गावकऱ्यांच्या मदतीने लावलेली झाडे आहेत. या भागाविषयी मला सर्वाधिक शंका होती, कारण काही वर्षांपूर्वी दुसऱ्याच एका सहलीत आमच्याकडून पैसे घेऊन गुलमोहराची रोपे लावून घेतली होती, छायाचित्रे काढली होती आणि पुढच्या वर्षी त्या जागी केवळ खड्डे होते. येथे मात्र रोप लावण्याचा कार्यक्रमच नव्हता. माघात रोप लावून काय उपयोग, असे सर म्हणाले. आम्हाला बादल्या दिल्या आणि पावसाळ्यात लावलेल्या उंबर, जांभूळ, हिरडा, बेहडा, करंज यांच्या एकेका रांगेला पाणी घालायला, आळी नीट करायला आणि जगलेली रोपे मोजायला सांगितले. आमच्या रांगेतील बारांपैकी चार रोपे वाळली होती. सरांनी ती उपटून बाजूला केली नाहीत, वहीत ‘गेली’ असे लिहिले आणि उंबर का तगला व हिरडा का गेला, याविषयी मातीच्या खोलीवरून बोलले. डोंगर उघडा पडला की पाऊस मुरत नाही, नुसता वाहून जातो, आणि खाली रामकुंडाचा झराही त्याच मुरण्यावर अवलंबून असतो, हे त्यांनी उतारावर तांब्याने पाणी ओतून दाखवले. उघड्या मुरमावरून पाणी सरळ घसरत गेले, तर गवताच्या ठिगळात ते जिरले. 2021 मध्ये याच डोंगराच्या पायथ्याच्या उत्खननाविरुद्ध लोक का उभे राहिले, हे त्यानंतर वेगळे समजावण्याची गरज उरली नाही.

परतताना अंजनेरीच्या पायथ्याशी बस थांबली. हा डोंगर आता संवर्धन राखीव क्षेत्र आहे. तेथे गिधाडांची घरटी आहेत आणि अंजनेरीचेच नाव मिळालेली सेरोपेजिया अंजनेरिका ही दुर्मीळ कंदीलपुष्पाची जात आहे. ती फुलते पावसाळ्यात, म्हणून आम्हाला तिचे केवळ चित्र पाहायला मिळाले. ज्यांना ती फुललेली पाहायची असेल त्यांना या उतारावर पाय ठेवू देणार नाही, असे सरांनी स्पष्ट सांगितले, आणि मला ते पटले.

दोन दिवसांचे 1,800 रुपये मला अजिबात जड वाटले नाहीत. देवदर्शन हाच मुख्य हेतू असेल, तर ही फेरी निवडू नये, कारण गाभाऱ्यात जाण्यासाठी वेळ ठेवलेला नाही आणि त्र्यंबकला रांगेत उभे राहायचे असल्यास वेगळा दिवस काढावा लागेल. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी दुसऱ्या दिवशी बादली उचलण्याऐवजी मोजणीचे काम मागून घ्यावे, ते देतात. येणाऱ्या सिंहस्थाच्या कामांमुळे घाटावर खोदकाम आणि अडथळे वाढत आहेत, तेव्हा जाण्याआधी फोन करून कोणता भाग खुला आहे, हे विचारणे बरे. शक्यतो माघ-फाल्गुनात जावे, कारण पाणी कमी असल्याने तळ दिसतो आणि सकाळच्या थंडीत झऱ्याची ऊब हाताला कळते.

आईने चैत्रातल्या फेरीसाठी आपले आणि मावशीचे नाव नोंदवले आहे. निसरड्या पायरीवर पडलेली ती हीच मावशी, आणि पायऱ्या पाच नसून सहा होत्या, असा तिचा दावा आहे.