के१०००, इलेक्ट्रो ३५ की यशिका मॅट? गोव्यात पहिला फिल्म कॅमेरा घेताना

जुना कॅमेरा घ्यायचा म्हटला की चर्चा लगेच लेन्सच्या धारेवर जाते. गोव्यात आधी बुरशीचं बोलावं. जून ते सप्टेंबर इथली हवा ओल सोडत नाही. चामड्याच्या केसमध्ये घालून कपाटात ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या काचेवर पांढरे तंतू फुटायला फार पावसाळे लागत नाहीत. पेंटॅक्स के१०००, यशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन आणि यशिका मॅट-१२४जी यांतला एक निवडायचा असेल, तर यांतला कोणता कॅमेरा ही हवा सोसेल आणि नाही सोसली तर कोणता सावरता येईल, हे मी पहिल्यांदा बघेन.

हे तीनच घेतले, कारण फिल्मकडे नव्याने वळणारा माणूस बहुधा यांच्यातच अडकलेला असतो. त्यातून गल्फला किंवा बोटीवर गेलेल्या एखाद्या तारवटी मामाने आणलेली यशिका घरात निघाली, तर विषयच संपतो. जुन्या घरांतून १९६१ च्या आधीचे घडीचे जर्मन कॅमेरेही कधीकधी बाहेर येतात. दिसायला देखणे, पण भात्याच्या कोपऱ्यांना हटकून भोकं. शोकेससाठी घ्या.

तर बुरशी. के१००० ची लेन्स फिरवली की निघते. सोबत आलेली ५० मिमी एफ/२ (एफचा आकडा जेवढा लहान, तेवढा उजेड जास्त) खराब निघाली तर तीच लेन्स दुसरी मिळते, बॉडीला काही होत नाही. इलेक्ट्रोची ४५ मिमी एफ/१.७ बॉडीतच बसवलेली असते. आतल्या काचेवर बुरशी चढली की पुढचा भाग खोलावा लागतो, आणि तिथे शटरच्या तारा आहेत. हे काम घरच्या स्क्रूड्रायव्हरने करायचं नाही. मॅटला दोन लेन्स असतात. वरची फक्त बघायची, खालची फोटो काढायची. वरचीला बुरशी लागली तर चित्र धूसर दिसतं एवढंच, फिल्मवर तिचा काही परिणाम नाही. विकणारे मात्र बिनदिक्कत वरच्याच लेन्सचे चकचकीत फोटो टाकतात. खालच्या ८० मिमी एफ/३.५ चा, मागून प्रकाश सोडून काढलेला फोटो मागा.

तपासणी सोपी आहे. शटरचा वेग बी वर ठेवून बटण दाबून धरा, अॅपर्चर पूर्ण उघडा, मागचं दार उघडून मोबाइलचा टॉर्च तिरका मारा. धुळीचे चार कण दिसले तर सोडून द्या. कोळिष्टकासारख्या फांद्या दिसल्या तर किंमत पाडा किंवा उठा. बुरशी काचेवरच्या लेपात रुतली असेल, तर पुसल्यावरही तिची नक्षी तशीच राहते.

दुसरा मुद्दा बॅटरीचा, आणि इथे इलेक्ट्रो मागे पडते. के१००० १९७६ ते १९९७ पर्यंत बनत राहिला. शटर पूर्ण यांत्रिक, एक सेकंदापासून १/१००० पर्यंत. एक एलआर४४ सेल लागतो, तोही फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला. मडगाव, म्हापसा, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळेल. मीटर बंद करायला बटण नाही, म्हणून लेन्सवर झाकण लावून ठेवायचं. विसरलात तर सेल उतरेल, फोटो थांबणार नाहीत. इलेक्ट्रोचं शटर मात्र विजेवर चालतं. बॅटरी नसेल तर प्रत्येक फोटो १/५०० ला निघतो, मग समोर ऊन असो वा समई. तिचा मूळ ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा सेल आता बनत नाही. ६ व्होल्टचा ४एलआर४४ घालून उरलेल्या जागेत अॅडॅप्टर किंवा स्प्रिंग बसवली की काम चालतं, आणि छान चालतं. पण आमच्या खाऱ्या हवेत बॅटरीच्या कप्प्यातले पत्रे हिरवे झालेले असतात. सौदा करण्याआधी तो कप्पा उघडून बघाच.

इलेक्ट्रोची आणखी एक खोड आहे. आत रबराचा एक छोटा तुकडा असतो, तो वयाने विरघळतो आणि शटरची वेळ बिघडते. फिल्म पुढे नेणारी लिव्हर ओढताना ‘टक्’ असा स्पष्ट आवाज आला तर तुकडा शाबूत आहे असं समजायचं. आवाज नसेल तर दुरुस्तीचा खर्च आधीच किमतीत धरा.

मॅट इथे के१००० च्या बाजूची. शटर यांत्रिक, मीटर फक्त सोबतीला. तो मीटरही १.३ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालायचा. आजचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन घातला तर काटा चुकीचं सांगतो. श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा सेल कडं लावून बसवता येतो. मी तर मोबाइलवरचं लाइट मीटर वापरा म्हणेन.

एवढं सगळं इलेक्ट्रोच्या विरोधात सांगितलं. आता चवथीच्या खोलीत जाऊ. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधलेली, एक ट्यूबलाइट, दारात माणसं. आयएसओ ४०० च्या रोलवर अशा खोलीत एफ/२ ला साधारण १/६० सेकंदाचा वेग मिळतो. के१००० हातात धरून फोटो निघेल, पण आरसा उचलल्याचा आवाज आरतीतही ऐकू येईल. एफ/१.७ मुळे इलेक्ट्रोला त्याहून थोडा जास्तच वेग मिळतो. आरसा नाही, लेन्समध्येच पातळ पात्यांचं लीफ शटर आहे, आवाज जवळजवळ नाही. अॅपर्चर तुम्ही ठरवा, वेग ती ठरवते. १/३० च्या खाली गेलं की पिवळा दिवा लागतो. रात्रीच्या शिगम्याला, जत्रेच्या गर्दीत, घरच्या लग्नात मला या तिघांत हीच हवी. मॅटचं एफ/३.५ त्याच खोलीत १/२० च्या आसपास अडकतं. ट्रायपॉड लावा किंवा भिंतीला टेका.

मॅट पोटापाशी धरून वरून बघायची असते. चित्र डावं-उजवं उलटं दिसतं, धावणाऱ्या मुलामागे कॅमेरा नेताना सुरुवातीला सगळे उलट्या दिशेने जातात. पण फेरीबोटीची वाट बघत बसलेली माणसं, देवळाचा दीपस्तंभ, पावसाआधीचं खाजन (खाडीकाठची खारी शेतजमीन), अशा थांबलेल्या गोष्टींसाठी ६×६ सेंमीची निगेटिव्ह ३५ मिमीच्या साडेतीन पटींहून मोठी. भिंतीवर लावायच्या प्रिंटमध्ये हा फरक शिकवावा लागत नाही.

पैशांचं गणित इथेच बदलतं. मॅटच्या १२० च्या रोलवर १२ फोटो, ३५ मिमीच्या रोलवर ३६, आणि रोलच्या किमतीत फार अंतर नाही. म्हणजे मॅटवर प्रत्येक फोटो जवळपास तिप्पट महाग. शिकताना चुका व्हायच्याच; त्या के१००० वर स्वस्तात होतात.

ब्लॅक अँड व्हाइट घरी धुणार असाल तर गोव्याच्या नळाचं पाणी विचारात घ्या. एचपी५ प्लस फिल्मसाठी आयडी-११ डेव्हलपरच्या स्टॉकमध्ये (पाणी न घातलेल्या द्रावणात) साडेसात मिनिटं सांगितलेली असतात, ती २० अंशांना. एप्रिल-मेमध्ये टाकीचं पाणी तीसच्या घरात असतं. तेवढ्या गरम पाण्यात वेळ इतका आखडतो की फिल्मवर पट्टे उमटायची भीती. मी १+१, म्हणजे तेवढंच पाणी घालून पातळ करून वापरा म्हणतो. २० अंशांना १३ मिनिटं मिळतात, त्यामुळे बर्फाच्या बादलीत डबा ठेवून २४ अंशांवर आणलं तरी नऊएक मिनिटं उरतात. फिक्सर आणि धुण्याचं पाणीही त्याच तापमानाच्या जवळ ठेवा. हे तिन्ही कॅमेऱ्यांना सारखंच लागू, फक्त मॅटच्या १२ फोटोंचा रोल बिघडला तर जास्त झोंबतो.

न वापरलेले रोल फ्रिजमध्ये, आणि वापरायच्या आधी तासभर डबीतच बाहेर. एसी गाडीतून उतरून लगेच लेन्स उघडू नका, पाणी धरते. दाबोळी किंवा मोपा विमानतळावर सामान सीटी स्कॅनरमधून जाणार असेल तर त्याच्या किरणांनी फिल्म खराब होऊ नये म्हणून रोल हातात देऊन तपासायला सांगा.

सोबत आलेली चामड्याची केस वेगळी ठेवा. कॅमेरा हवाबंद डब्यात, सिलिका जेलसह, आणि डब्यात स्वस्तातला आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. जेलचे दाणे रंग बदलले की तव्यावर परतून घ्या.

ऑलिंपस ट्रिप ३५ बद्दल बरेच विचारतात. सेलेनियम मीटर, बॅटरीच नको, खिशात मावतो, समुद्रकिनाऱ्यावर मजेत चालतो. पण शटरचे वेग दोनच, १/४० आणि १/२००. ऑटोवर त्या माटोळीच्या खोलीत तो लाल खूण दाखवून हटून बसेल. दुसरा कॅमेरा म्हणून घ्या. झेनिट-ई मी फक्त हेलिओस ४४-२ लेन्ससाठी घेईन. अॅडॅप्टर लावून ती मिररलेस डिजिटल कॅमेऱ्यावरही चालते.

पहिला आणि बहुधा बराच काळ एकटाच कॅमेरा असेल, तर के१००० घ्या. रात्रीचे सोहळे आणि माणसं हाच तुमचा विषय असेल, आणि शेजारपाजारी इलेक्ट्रॉनिक्सची जाण असलेला मेकॅनिक असेल, तर इलेक्ट्रो. मॅट त्याने घ्यावी ज्याच्या घरी डेव्हलपिंगचा डबा आधीच आहे. काहीही घेतलं तरी ऑक्टोबरनंतर घ्या. पावसाळा काढलेल्या लेन्सवर नवीन बुरशी आली असेल तर ती तेव्हा टॉर्चमध्ये दिसते, आणि विकणाऱ्याला ‘नुसती धूळ आहे’ म्हणायला जागा राहत नाही.