सात किलो आठशे ग्रॅमचे १३,३५० रुपये

गणपतीच्या तोंडावर हॉल भाड्याने घेऊन तीन दिवसांची 'प्रदर्शन आणि विक्री' भरते ना, तिथून प्रेशर वॉशर, म्हणजे पाण्याच्या जोरदार धारेने धुवायचं मशीन, घेऊ नका. मी घेतला. ११,८०० मशीनचे, ९०० 'वाढीव वॉरंटी'चे, ६५० फेसाच्या बाटलीचे आणि जादा नळीचे. एकूण १३,३५०. त्यातले २,००० रोख आणि ११,३५० क्यूआर कोडवर.

हौस म्हणून घेतला नाही, हे आधीच सांगते, कारण आमच्या घरातच काही जण तसं बोलतात. घर चिऱ्याचं, अंगणही चिऱ्याचं. श्रावण सरेपर्यंत शेवाळाचा असा थर बसतो की मागच्या वर्षी सासरे त्यावरच घसरले. शिवाय पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत. खराट्याने घासून घासून माझा उजवा खांदा गेलाय.

आणि मी काही भोळीभाबडी नाही. बारा वर्षं काजूबीची खरेदी करते. मूठभर बी हलवून आवाजावरून ओली की सुकी ते सांगते. वजनात मला आजवर कोणी गंडवलेलं नाही. नेमकी वजनातच गंडले, ते जास्त झोंबतं.

स्टॉलवर जे मशीन चालवून दाखवलं ते टेबलावर चढवायला दोन पोरं लागली होती. आवाज बसका, आपल्या विहिरीवरच्या पंपासारखा. हिरवागार झालेला कडप्पा बघता बघता काळा कुळकुळीत झाला. विकणारा म्हणाला, "वहिनी, इंडक्शन मोटर, पूर्ण तांब्याचं वायंडिंग, पंपाचं हेड पितळी. २२०० वॅट, १८० बार, आणि त्याच दाबाला मिनिटाला आठ लिटर." मी म्हटलं, हेच द्या. तर म्हणतो, हे डेमोचं, तुम्हाला सीलबंद देतो. बरोबरच वाटलं. वापरलेलं कोण घेईल?

मग टेम्पोतून एक पोरगा खोकं घेऊन आला. काखेत मारून. दुसऱ्या हातात मोबाईल, बोलणं चालूच.

तो पोरगा मला अजून दिसतो. आधीच्या मशीनला दोघं, आणि याला एक काख. मी समोर उभी होते, पर्समधून पैसे काढत होते, आणि मनात काय, तर पाऊस यायच्या आत रिक्षा मिळायला हवी. घरी सासऱ्यांनी खोकं उचललं आणि पहिलं वाक्य हेच, "ह्यां इतकां हलकां कसां गो?" मी त्यांनाच उडवून लावलं. आताची मशीनं हलकीच असतात म्हणे! मीच म्हणे.

दुसऱ्या दिवशी वीस मिनिटांत जळका वास आला आणि पाण्याची धार नळाएवढी झाली. आवाज तर पहिल्यापासूनच मिक्सरसारखा होता. फोन लावला तर म्हणाला, "तुमच्याकडे व्होल्टेज कमी असेल." पटलं हो मला! संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज पडतंच. दोन दिवस मी व्होल्टेजची वाट बघत बसले. तिसऱ्या दिवसापासून त्याचा फोन बंद.

मग खोक्यासकट नाही, नुसतं मशीन काजूच्या काट्यावर ठेवलं. सात किलो आठशे. इंडक्शन मोटरचं मशीन एवढं हलकं नसतंच, लोखंड आणि तांबं वजन दाखवतंच. वायंडिंगवाल्याने ३०० रुपये घेऊन उघडलं. आत कार्बनवाली मोटर, मिक्सरमध्ये असते त्या जातीची. हेड प्लास्टिकचं, तडा गेलेलं. '२२०० वॅट'चा स्टिकर नखाने सोलला तर खाली दुसरा, १४०० वॅट. कार्बनवालं मशीन वाईटच असतं असं नाही, गाडी धुवायला चालतं. पण मग ते तसं सांगून, त्या भावात विका.

डिप्लोमा करणाऱ्या भाच्याने आणखी मीठ चोळलं. बार म्हणजे दाबाचं माप. बार गुणिले मिनिटाचे लिटर, भागिले ६००, की पाण्याला लागणारे किलोवॅट येतात. १८० गुणिले ८ भागिले ६०० म्हणजे २.४. म्हणजे २२०० वॅटच्या मोटरमधून २४०० वॅटचं पाणी! कमाल दाब आणि कमाल पाणी हे आकडे खऱ्या कंपन्याही वेगवेगळे छापतात, पण हा विकणारा दोन्ही एकदम मिळतात म्हणून शपथेवर सांगत होता. मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचा हिशेब होता.

बिलावरचा जीएसटी नंबर मोजा. पंधरा अक्षरं लागतात, महाराष्ट्राचा असेल तर सुरुवात २७ ने. माझ्या बिलावर चौदाच आहेत. क्यूआरवर दुकानाचं नाव येतं की कुणा माणसाचं, तेही वाचा. माझ्या वेळी माणसाचं आलं होतं. वॉरंटी कार्डावरच्या पत्त्यावर ठाण्याकडचा पुतण्या जाऊन आला. चपलांचं दुकान.

आता आपल्या साहेबलोकांचं ऐका. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी, "साहेब बंदोबस्ताला गेलेत." दुसऱ्या खेपेला, "वस्तू मिळाली ना ताई? मग फसवणूक कसली? ग्राहक कोर्टात जा." तिसऱ्या खेपेला, मशीन घेऊन या. नेलं. हवालदाराने एका हाताने उचलून बाजूला ठेवलं आणि म्हणाला, "एवढंसंच? तेरा हजार?" अर्ज घेतला, पोच दिली नाही. बँकेत सांगितलं, पिन तुम्हीच टाकलाय. हॉलवाला म्हणाला, आम्ही फक्त भाडं घेतो, आधारकार्डाची झेरॉक्स होती पण सापडत नाही. स्टॉलला परवानगी कोणी दिली म्हणून कार्यालयात विचारलं, तर मलाच लेखी अर्ज करायला लावला, आणि ज्यांच्याकडे तो द्यायचा ते रजेवर! तीन दिवस बाजारात कर्णा लावून विकत होते, तेव्हा सगळ्यांना ऐकू येत होतं. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, दोन वर्षांची मुदत असते, सगळं खरं. पण नोटीस पाठवू कुणाला? चपलांच्या दुकानाला? ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवून ठेवलीय.

घ्यायचंच असेल तर तालुक्याच्या दुकानातून, जो माणूस दिवाळीनंतरही तिथेच बसलेला असेल त्याच्याकडून घ्या. जे चालवून दाखवलं तेच न्या, किंवा खोकं तिथेच फोडून स्वतःच्या हाताने उचला. कार्बन, सील आणि व्हॉल्व्ह सुटे मिळतात का विचारा. बारीक सरळ धारेचं नोझल चिऱ्यावर मारू नका, खड्डे पडतात. पंख्यासारख्या धारेचं वापरा. एवढं ज्ञान मला १३,६५० ला पडलं, एसटीचं भाडं वेगळं.

सिंधुदुर्गात गणपतीआधी अशाच प्रदर्शनातून कुणी पिवळं मशीन, लाल नळी आणि काळी गन घेतली असेल तर बिल फाडू नका. स्टिकर सोलण्याआधी फोटो काढा, मी काढला नाही. दोघंतिघं निघालो तर अर्ज एकत्र देऊ, आणि या वेळी पोच घेतल्याशिवाय मी तिथून हलणार नाही.