सेरुसाइट म्हणून गळ्यात पडलेला १८,५०० रुपयांचा कॅल्साइट

हणजूणच्या बुधवारच्या बाजारात बसणाऱ्या एका विक्रेत्याने नामिबियातील त्सुमेबचे सेरुसाइट, म्हणजे शिशाचे कार्बोनेट, म्हणून जो नमुना मला विकला, तो साधा कॅल्साइट, म्हणजे चुनखडीत सापडणारे खनिज, निघाला. ६,००० रुपये रोख आणि १२,५०० रुपये यूपीआयने दिले. लिहिताना लाज वाटते, परंतु तो माणूस अजूनही तेथेच बसतो.

त्याची लबाडी अशी की त्याने दाखवलेले एकही लक्षण खोटे नव्हते. त्याने चाकूने ओरखडा काढला. सेरुसाइटची कठिनता (१ ते १० च्या मोजपट्टीवर) ३ ते ३.५ असते, पण कॅल्साइटचीही ३ असते. अतिनील टॉर्चखाली पिवळसर प्रकाश दाखवला. तो दोन्ही खनिजांत दिसू शकतो. त्सुमेबची खाण १९९६ मध्ये बंद पडल्यामुळे तिथला माल दुर्मीळ आहे, हेही खरेच. वर ‘यात शिसे आहे, हाताळल्यावर हात धुवा’ असे त्याने बजावले. ठकवणारा मनुष्य ग्राहकाच्या प्रकृतीची काळजी करील, असे कोणाच्या मनात येईल?

नमुना तळहातावर आला तेव्हा तो हलका लागला होता. वजनाने तीनचतुर्थांशाहून अधिक शिसे असलेल्या आणि ६.५५ च्या आसपास विशिष्ट गुरुत्व असलेल्या, म्हणजे तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या साडेसहा पट जड असलेल्या खनिजाने हात खाली ओढायला हवा होता. परंतु तो लाकडी बैठकीला पक्का चिकटवलेला असल्याने दगडाचे वजन वेगळे कळणे शक्यच नव्हते, आणि मी काही बोलणार तोच त्याने टॉर्च पेटवली. बैठकीवरचा नमुना कधीही घेऊ नका. घरी बैठक काढली तेव्हा खाली कॅल्साइटचे तिरके, गुळगुळीत पाटन, म्हणजे खनिज ज्या सपाट पृष्ठावर सहज फुटते ते, उघडे पडले. वजन २१२ ग्रॅम भरले आणि मोजपात्रातले पाणी ७८ मिलिलिटरने चढले, म्हणजे विशिष्ट गुरुत्व जेमतेम २.७. खऱ्या सेरुसाइटचा तेवढाच तुकडा अर्ध्या किलोहून जड भरला असता. हिऱ्यासारखी म्हणून दाखवलेली चमक ॲसिटोनच्या बोळ्याने पुसली गेली. ते व्हार्निश होते.

पोलीस ठाण्यात ‘दगड घेतला, दगड मिळाला, तक्रार कसली?’ असे ऐकावे लागले. तेथून १९३० या सायबर हेल्पलाइनकडे बोट दाखवले गेले; तिथे समोरासमोरचा व्यवहार सायबर गुन्हा होत नाही, असे उत्तर मिळाले. बँकेने पैसे तुम्हीच पाठवले आहेत म्हणून हात झटकले. पुन्हा ठाण्यात गेलो तर तिथल्या अधिकाऱ्याने मला खनिजाचा सरकारी दाखला आणायला सांगितले, मात्र तो कोणते खाते देते हे त्यालाच ठाऊक नव्हते. ज्या गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या खनिजावर घरे चालली, तिथे दोन पांढऱ्या दगडांतला फरक लिहून देणारे टेबल एकाही कार्यालयात सापडू नये, याचा संताप येतो.

पावतीवर खनिजाचे नाव, खाण आणि सुट्या नमुन्याचे वजन लिहून घ्या. माझ्या पावतीवर ‘शोभेचा दगड’ एवढेच आहे, आणि अधिकाऱ्याने नेमके तेवढेच मोठ्याने वाचून कागद माझ्याकडे सरकवला. आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करत आहे. तिथे दोन वर्षांची मुदत असते आणि एवढ्या रकमेला शुल्क लागत नाही.