गोळ्या मोजणारे यंत्र: वेग उत्तम, निगा अनिवार्य
औषधांच्या दुकानात गोळ्या मोजून बाटलीत भरणाऱ्या या स्वयंचलित यंत्राबद्दल माझे मत अनुकूल आहे. कप्प्यातून सुटलेली प्रत्येक गोळी प्रकाशकिरणासमोरून खाली पडते, संवेदक तिची नोंद घेतो आणि बारकोड जुळल्याशिवाय बाटली भरली जात नाही. ही शेवटची सोय मला सर्वांत मोलाची वाटते, कारण एखादी गोळी कमी पडण्यापेक्षा चुकीचे औषध हाती जाणे कितीतरी घातक असते. मात्र गोळ्यांची भुकटी संवेदकावर साचली की मोजणी बिघडते, त्यामुळे सफाईत हयगय चालत नाही. पेनिसिलिनसाठी तर स्वतंत्र व्यवस्थाच हवी; त्याचे कण दुसऱ्या औषधात मिसळल्यास ॲलर्जी असलेल्या रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. पट्टीबंद गोळ्यांसाठी हे यंत्र उपयोगाचे नाही.